‘डिनाय’, ‘रिफ्यूज’ आणि एकटा ‘इन्कार’

नौपाडा, ठाणे :
आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताचा इंग्रजी तर्जुमा माझ्याकडे आला आहे. ‘सभासदाने दुरुस्तीचा खर्च देण्यास इन्कार केला’ येथे मी ‘डिनाइड टू पे’ लिहिले, तर चिटणीसबाईंनी ते लाल शाईने खोडून ‘रिफ्यूज्ड’ केले. ते मला पटले. परंतु पुढच्याच ओळीतल्या ‘त्याने गळतीचाही इन्कार केला’ या वाक्यातही त्यांनी ‘रिफ्यूज्ड’च घातले, तेव्हा मी अडलो. मराठीत एकच शब्द असताना इंग्रजी क्रियापद कशावरून ठरवायचे?

कोपरी :
प्रत्ययावरून. ‘देण्यास इन्कार’ म्हणजे काही करायला नाही म्हणणे, ते ‘रिफ्यूज’. ‘गळतीचा इन्कार’ म्हणजे गळती आहे हेच न मानणे, ते ‘डिनाय’. ‘रिजेक्ट’च्या मुळाशी लॅटिनमधले ‘मागे फेकणे’ आहे, म्हणून त्याला समोर आलेला अर्ज किंवा माल लागतो. ‘डिक्लाइन’च्या मुळाशी ‘बाजूला कलणे’ आहे, म्हणून ते जेवणाच्या आमंत्रणाला शोभते. पण आपला ‘नकार’ असताना हा अरबी ‘इन्कार’ हवाच कशाला?

वाशी :
‘गळतीचा नकार’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. मी बेलापूरच्या कोर्टासाठी कैफियती, म्हणजे प्रतिवादीची लेखी उत्तरे, टंकलिखित करतो. त्यांत ‘परिच्छेद 4 मधील मजकूर खरा नाही व तो या प्रतिवादीस कबूल नाही’ असे परिच्छेदागणिक लिहावे लागते, कारण 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 8, नियम 5 प्रमाणे वादपत्रातले (दावा लावणाऱ्याच्या लेखी मागणीतले) जे कथन स्पष्टपणे नाकारले जात नाही, ते सामान्यतः कबूल धरले जाते. ‘रिजेक्ट’चीही तीच गत आहे. आदेश 7, नियम 11 खाली वादपत्र नामंजूर झाले तरी नवे दाखल करता येते. दावाच गुणदोषांवर फेटाळला गेला, तर तोच दावा पुन्हा लावता येत नाही. बातम्यांत मात्र दोन्हींना सरसकट ‘फेटाळला’.

कोपरी :
‘कबूल’ही अरबीच!

वाशी :
‘अर्ज’ही. तो आपणच वर वापरला आहे.

नौपाडा :
प्रत्ययाची खूण मी टिपून ठेवली होती, पण इतिवृत्तात पुढे ‘कार्यकारिणीने सभासदाचे आरोप फेटाळले’ असे आहे आणि तेथे ना ‘-स’ आहे, ना ‘-चा’. कार्यकारिणीने पुरावा दिला असता तर मी ‘रिफ्यूट’ लिहिले असते. तिने नुसतेच ‘खोटे आहे’ म्हटले होते.