ब्लड ग्रुप आणि करोना: तुमच्या घरी काय दिसलं?

कराडकरीण: आज भाच्याच्या ॲडमिशनचा फॉर्म भरताना ब्लड ग्रुपचा रकाना आला आणि २०२१ चा एप्रिल डोळ्यासमोर उभा राहिला. एका घरात सगळे, एकाच पातेल्यातला चहा, ए ग्रुपच्या जाऊबाई अंथरुणाला खिळल्या आणि ओ ग्रुपच्या सासूबाईंना साधी शिंक नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत पक्कं झालंय की ओ वाल्यांना होतच नाही. इटली-स्पेनच्या पेशंटवरचा २०२० चा अभ्यास वाचलाय, ए ला धोका जास्त, ओ ला कमी असं त्यात होतं. तुमचे अनुभव लिहा ना.

मिरजेची माई: आमचं बरोब्बर उलटं. ह्यांचा ओ पॉझिटिव्ह आणि हेच ऑक्सिजनवर, मी ए, मला दोन दिवस ताप बास. ह्यांना शुगर आधीपासूनची. डॉक्टर रोज शुगर विचारायचे, ग्रुप कुणी विचारला नाही.

लॅबवाली: माई अगदी बरोबर. ओ वाल्यांच्या रक्तात ए आणि बी दोन्हींच्या विरोधातल्या अँटिबॉडी असतात, शिवाय रक्त गोठवणारा विलेब्रँड फॅक्टर त्यांच्यात साधारण २५ टक्के कमी, म्हणून थोडा फायदा होत असेल असं म्हणतात. पण २०२१ मध्ये बऱ्याच देशांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा ग्रुपचा संबंध लागण होण्याशी दिसला, आजार गंभीर होण्याशी नाही. वय, शुगर, लस ह्याचा फरक कितीतरी मोठा. "मी ओ आहे, मला लस कशाला" म्हणणारे समोर बसले की जीव तुटतो हो.

वाईकर: प्लाझ्मा आठवतोय का कुणाला? करोनातनं बरे झालेल्यांच्या रक्तातला पातळ भाग, तो पेशंटला चढवायचे. एबी चा प्लाझ्मा कुठल्याही ग्रुपला चालतो म्हणून आमच्या भाऊजींना रात्री अपरात्री फोन, बिचारे प्रत्येकाला हो म्हणायचे. आणि मे २०२१ ला उपचारातनं प्लाझ्माच काढला, फायदा दिसत नव्हता.

तासगावचा पाटील: थोडं विषय सोडून लिहितोय पण लिहू द्या. चुलतभावाचा बॉम्बे ग्रुप. साध्या टेस्टमध्ये ओ दिसतो पण ओ चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. मुंबईतच १९५२ ला सापडला, आपल्याकडं साधारण १०,००० त एक माणूस. ऑपरेशन ठरलं तेव्हा रक्त मिळेपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. एकदा नीट तपासून घ्या रे सगळ्यांनी.

वाईकर: पाटील, झालं का ऑपरेशन मग?

तासगावचा पाटील: झालं झालं, मुंबईहून रक्त आलं. आता ठणठणीत हाय, द्राक्षाच्या छाटणीला आमच्या म्होरं पळतोय.

मिरजेची माई: कराडकरीण, जाऊबाई कशा आहेत गं आता?

कराडकरीण: बऱ्या आहेत माई, पण वास अजून नीट येत नाही, दूध उतू गेलेलं सुद्धा कळत नाही. लॅबवाली ताई, तुमचं वरचं सगळं गल्लीच्या ग्रुपवर टाकते हं, सासूबाईंचा बूस्टर अजून राहिलाय.