‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ : कोणाचे कुटुंब, कोणते उत्पन्न?

प्रश्न :
शासनाच्या योजनांच्या अर्जांत ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ असा रकाना असतो. आमच्या घरात दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि आई असे सर्व जण एका शिधापत्रिकेवर आहोत. एक भाऊ नोकरी करतो आणि दुसरा शेती पाहतो. अशा घरात ‘कुटुंब’ या शब्दात नेमके कोण कोण येते? ‘उत्पन्न’ म्हणजे कापून हातात पडणारी रक्कम की कापण्यापूर्वीची? आणि काही जण ‘उत्पन्न’ऐवजी ‘मिळकत’ लिहितात, ते चालते का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद :
आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही, कारण शासकीय लिखाणात ‘कुटुंब’ हा शब्द प्रत्येक योजनेच्या व्याख्येपुरताच अर्थ धारण करतो. आपल्या बोलण्यात एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, आणि शिधापत्रिका साधारणपणे याच समजुतीला धरून असते. पण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४ मधील सुधारणेनंतर पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले एवढेच कुटुंब धरले गेले. म्हणजे चूल एकच असली तरी दिराचा पगार वहिनीच्या अडीच लाखांच्या मर्यादेत मिळवायचा नाही. गंमत अशी की त्याच योजनेत पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली गेली, त्यामुळे व्याख्या एका कुटुंबाची आणि पुरावा दुसऱ्या कुटुंबाचा, अशी स्थिती निर्माण झाली.

सर्वांत जास्त घोटाळा ‘आठ लाख’ या आकड्याने केला आहे. इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाची (क्रीमी लेयर, म्हणजे आरक्षणाचा लाभ न मिळणारे संपन्न लोक) मर्यादा २०१७ पासून आठ लाख आहे आणि २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी केंद्राने ठरवलेली मर्यादाही आठ लाखच आहे. आकडा एकच असल्यामुळे हिशेबही एकच असणार, असे लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. उन्नत गट ठरवताना उमेदवाराच्या आईवडिलांचे उत्पन्न पाहतात, उमेदवाराचे स्वतःचे नव्हे. ते सलग तीन वर्षे मर्यादेच्या वर असावे लागते. आणि १९९३ च्या केंद्रीय ज्ञापनातील स्पष्टीकरणानुसार पगार व शेतजमिनीचे उत्पन्न या बेरजेत मिळवत नाहीत. (पगार मोजत नाहीत म्हणून नोकरी पाहत नाहीत, असे मात्र समजू नये. आईवडिलांपैकी एक जण थेट ‘गट अ’ पदावर नेमला गेला असेल, तर उत्पन्नाचा प्रश्नच न येता मुले उन्नत गटात जातात.) याउलट दुर्बल घटकांच्या कसोटीत पगार, शेती, धंदा, व्यवसाय असे सगळे स्रोत धरतात, तेही अर्जाच्या आदल्या एकाच आर्थिक वर्षाचे. तिथे कुटुंबात स्वतः अर्जदार, त्याचे आईवडील, पती किंवा पत्नी, अठरा वर्षांखालील भावंडे आणि अठरा वर्षांखालील मुले एवढे जण येतात. शिवाय पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी केंद्राच्या नियमाप्रमाणे पात्रता जाते.

म्हणून अर्ज भरताना आधी मर्यादा न विचारता ‘कोणाकोणाचे, कोणत्या वर्षाचे आणि काय काय धरून’ हे तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे.

दुसरा प्रतिसाद :
वरील विवेचनात ‘उत्पन्न’ या शब्दाची दुसरी बाजू राहिली, ती जोडतो. शेतकऱ्याच्या तोंडी उत्पन्न म्हणजे पीक. ‘यंदा सोयाबीनचे उत्पन्न बरे आले’ असे म्हणताना तो क्विंटलबद्दल बोलत असतो. छापील भाषेत ज्याला ‘उत्पादन’ म्हणतात, ते हेच. मग दाखल्याच्या अर्जात रुपये लिहायची वेळ आली की तो आडत्याने दिलेली पट्टी काढतो. त्या पट्टीवर मालाची एकूण रक्कम वर असते आणि हमाली, तोलाई वजा करून उरलेली खाली. बी-बियाणे, खते, फवारणी आणि मजुरी यांचा खर्च तर त्या कागदावर नसतोच. त्यामुळे एक शेतकरी वरचा आकडा लिहितो, दुसरा खालचा, आणि तिसरा सगळा खर्च वजा जाता काही उरले नाही म्हणून शून्य लिहितो. तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. प्रत्यक्षात तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते चौकशी करून अहवाल देतात आणि तहसीलदारांच्या सहीचा दाखला त्या आधारे निघतो.

नोकरदारांच्या बाबतीत शब्द निराळे आहेत. कापण्यापूर्वीची रक्कम ती ‘ढोबळ’ किंवा ‘सकल’, कपातीनंतरची ‘निव्वळ’, आणि प्राप्तिकराच्या सवलती वजा जाता उरते ती ‘करपात्र’. दुर्बल घटकांच्या नियमात सकल उत्पन्न अपेक्षित आहे. भविष्य निर्वाह निधी आणि गृहकर्जाचा हप्ता कापून खात्यात जमा होणारा पगार म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि कर भरावा लागत नाही म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, असेही नव्हे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असले तरी याच कारणाने या बेरजेतून सुटत नाही.

‘मिळकत’ हा शब्द मी अर्जात टाळतो. त्याचा कमाई हा अर्थ जुना आणि योग्यच आहे, परंतु कचेरीच्या भाषेत तो स्थावर मालमत्तेकडे वळला आहे. पुण्यात घरपट्टीला मिळकतकर म्हणतात आणि नगर भूमापन कार्यालयातून घराची मिळकत पत्रिका मिळते. दुर्बल घटकांच्या कसोटीत जमीन आणि घर यांची अट उत्पन्नाहून वेगळी असल्यामुळे तिथे हा शब्द निश्चितच गोंधळ करील.

मूळ प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग नोकरी करणाऱ्या भावाचा पगार शेती करणाऱ्या भावाच्या कुटुंबात कुठेच धरायचा नाही का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :
वर उल्लेखिलेल्या तीन कसोट्यांत नाही, कारण ‘लाडकी बहीण’ आणि उन्नत गट यांच्या हिशेबात भाऊ येतच नाही, आणि दुर्बल घटकांच्या कसोटीत अठरा वर्षांखालील भावंडेच येतात. शिधापत्रिकेचे मात्र वेगळे आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांची वार्षिक मर्यादा आहे, आणि तिथे पत्रिकेवरचे संपूर्ण कुटुंब विचारात येते. दोघांचे व्यवहार खरोखर स्वतंत्र असतील, तर विभक्त शिधापत्रिकेसाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करता येतो.