मदत हवी आहे: पाळकसाहेब पार थकलेत, सेवा सोडायचं म्हणतायत

सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातली आमची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मी पाळक (पास्टर) समितीवर आहे. साहेबांकडे मुख्य चर्च आणि शिवाय आसपासच्या खेड्यांतल्या छोट्या मंडळ्या, म्हणजे रविवारी एक उपासना संपली की गाडीला किक मारून दुसरी, आठवडाभर मयत, लग्नं, दवाखाने आणि चर्चच्या जमिनीची कोर्टात तारीख असली की तिथेही तेच. आता झोप लागत नाही म्हणतात, राजीनामा देऊ का विचारतात. विश्वास सोडलेला नाही, सेवेत राहायचं का एवढाच प्रश्न आहे.

संदेशाची पाळी आम्ही काहींनी वाटून घेतली, पण प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) दीक्षा झालेला पाळकच लागतो त्यामुळे सुट्टी काही मिळत नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ दिला, मराठीत बोलतात, तरी लावला नाही, बाहेर कळलं तर म्हणे. आणि बायबलमधल्या थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याचं उदाहरण प्लीज नको, ते त्यांनीच आम्हाला शिकवलंय (देवदूताने आधी भाकर दिली आणि झोपू दिलं, हे मात्र सगळे विसरतात).

राजीनामा दिला तर पार्सनेज (चर्चने पाळकाला दिलेलं घर) सोडावं लागेल, मुलगी दहावीला, म्हणून बदलीही नको. बिशपसाहेबांना अजून सांगितलेलं नाही.

तर कोणाच्या मंडळीने पाळकाला दोन-तीन महिने पगारी रजा मिळवून दिलीय का, अर्जात कारण काय लिहिलं की नावावर ठपका बसला नाही, आणि तेवढे दिवस प्रभुभोजनाला रिटायर्ड पाळक कसे मिळवले?