मदत हवी आहे: जिवाणूंनी वाळू बांधायलोय, वर दगड होतो अन् खाली सुटीच

नमस्कार मंडळी, नांदेडला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायलोय. भूकंपात पाण्यानं भरलेली सैल वाळू हादऱ्यानं पातळ होते (लिक्विफॅक्शन), ती जिवाणूंनी आधीच बांधून ठेवायची. स्पोरोसार्सिना पाश्चुरी वापरलाय, तो युरिया फोडतो, कार्बोनेट निघतं अन् कॅल्शियम क्लोराइड दिलं की कणांच्या मधी कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) धरतं. किल्लारीत १९९३ ला घरं पडली ती जड दगडमातीच्या भिंतींमुळं, लिक्विफॅक्शनमुळं नाही हे माहितीय, त्यामुळं तो मुद्दा बाजूला ठेवू.

गोदावरीची बारीक वाळू धुवून ३० सेंमीच्या पीव्हीसी पाइपात भरली, वरून आधी जिवाणू, सहा तासांनी अर्धा मोलर युरिया-कॅल्शियम क्लोराइड. वरचे ५ सेंमी इतके घट्ट की पाणीच उतरेना अन् खालची वाळू बोटानं सुटते. पाव मोलर करून पाहिलं, धार बारीक केली, फरक थोडाच पडला. जिवाणू जिवंत आहेत, पीएच ९ च्या वर जातो अन् अमोनियाचा वास लई येतो.

पंप नाही, सलाइनचा सेट आहे. पुढं छोट्या शेक टेबलवर (भूकंपासारखे हादरे देणारं टेबल) ठेवायचंय म्हणून सगळीकडं सारखं बांधलं जाणं गरजेचं आहे.

पीएच ४ च्या आसपास ठेवून जिवाणू अन् युरिया-कॅल्शियम क्लोराइड सगळं एकदमच सोडायची पद्धत कुणी नदीच्या वाळूवर केलीय का, अन् ते सलाइननं खालून वर चढवलं तर चालंल का?