ल्युमेनपेक्षा वजन आणि बॅटरी बघा
अंधारात पळताना कपाळावर बांधायचा दिवा (हेडलॅम्प) कोणता घ्यावा, यावर वर कुणीतरी '१००० ल्युमेनच्या खालचा घेऊच नका' म्हटलंय, ते पटत नाही. ल्युमेन म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप. डांबरी रस्त्यावर १५०-२०० पुरतात. पहाटे सिंहगडाच्या पायवाटेने पळत उतरायचं असेल तर ३०० च्या आसपास. खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तास बहुतेकदा सर्वांत मंद उजेडाचे असतात, तेवढं तपासा. वजन १०० ग्रॅमच्या आत हवं, नाहीतर प्रत्येक पावलाला दिवा कपाळावर हलत राहतो. आणि पावसाळ्यात धुकं असेल तर कृपया तो काढून कमरेला बांधा! डोळ्यांजवळचा झोत धुक्यावरून उलटा फिरतो, समोर नुसती पांढरी भिंत. कमरेवरच्या उजेडात दगडांच्या सावल्या लांब पडतात, पाऊल कुठे टाकायचं ते नीट कळतं.