बिडाचा तवा ठेवू की पत्र्याचा लोखंडी घेऊ? मदत हवी आहे

मधल्या मारुतीजवळून १० इंची बिडाचा तवा आणून महिना झाला. तीन दिवस भाताच्या पेजेत भिजवला, तेल लावून चार-पाच वेळा तापवला, कांदाही घासला. डोसे आता सुटतात. पण रोज ज्वारीची भाकरी होते. तिला पाणी फिरवलं की मधला काळा थर उडतो, दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. साबण लावत नाही, धुऊन लगेच पुसते. गॅस साधाच, इंडक्शन नाही. नॉनस्टिक नको, भाकरीच्या आचेवर तो टिकत नाही. सासूबाईंचं मनगट दुखतं, त्यांना हा जड तवा उचलवत नाही (त्या मातीच्या तव्याचं नाव काढतात, तो माझ्या हातून फुटणार!).

बिडाचा डोशालाच ठेवून भाकरीला पत्र्याचा घ्यावा, तर तो मोठ्या आचेवर वाकतो का? किती जाडीचा घेऊ?