यमदूतांची वही खरी की मेंदूची करामत?

खाडीकाठी:
माझे मामा देवगडकडचे, तीस वर्षं दर्यात. चार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली आणि ते जाळ्यात गुंतले. बाहेर काढलं तेव्हा म्हणे नाडी लागत नव्हती. शुद्धीवर आल्यावर सांगू लागले: दोघे काळे इसम घेऊन गेले, तिथे वही उघडून बसलेला म्हातारा म्हणाला, "हो न्हय, दुसरो." मग परत ढकलून दिलं. मामांच्याच नावाचे वरच्या वाडीतले एकजण दुसऱ्या दिवशी वारले, असं पुढे सांगतात. गणपतीत आरती झाली की ही गजाल ठरलेली.

मामा खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. पण बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या, मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या अशा १६ हकिगती छापल्या, त्यांतही यमदूत, वही, चुकीचा माणूस हेच. रेमंड मूडी या डॉक्टरांनी १९७५ साली छापलेल्या अमेरिकन हकिगतींत मात्र बोगदा आणि प्रकाश. पलीकडचं ऑफिस गिऱ्हाइकाचा पत्ता बघून बदलतं की काय? शिवाय लढाऊ वैमानिकांना सेंट्रिफ्यूज नावाच्या गरगरत्या यंत्रात फिरवतात, डोक्याचं रक्त उतरून मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि ते बेशुद्ध होतात; त्यांनाही बोगदा दिसल्याच्या नोंदी आहेत. तिथे कोणी मरत नसतं.

सड्यावरचा:
स्टीव्हन्सन पुनर्जन्मावर काम करणारे, त्यांनी यावरून "भ्रम" असा निकाल दिलेला नाही. तो तुमचा. डच हृदयतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ जणांचा अभ्यास छापला. ६२ जणांना असा अनुभव आला. प्राणवायू तर सगळ्यांचाच तुटला होता, मग बाकी २८२ जण कोरडे कसे राहिले? हृदय किती वेळ बंद होतं याच्याशीही संबंध लागला नाही.

रातपाळी:
मी आयसीयूत नर्स आहे. भूल उतरताना पेशंट काय काय बोलतात. सकाळी विचारा, बहुतेकांना आठवत नाही. त्या २८२ जणांना दिसलंच नाही, की दिसलेलं राहिलं नाही, हे कसं ठरवणार? आणि किनाऱ्यावर "नाडी नव्हती" यावर मी एक पैसा लावणार नाही. गार पडलेल्या अंगावर थरथरत्या बोटांनी नाडी शिकलेल्यांनासुद्धा सापडत नाही. मामांचं हृदय बहुधा चालूच होतं.

बंद पडलं तरी मेंदू बटण दाबल्यासारखा विझत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मरणाऱ्या चार रुग्णांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, २०२३ साली छापून आला. व्हेंटिलेटर काढल्यावर दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी, म्हणजे जागेपणीच्या विचाराशी जोडल्या जाणाऱ्या वेगवान लहरी, उसळल्या होत्या. त्यांना काय दिसलं ते सांगायला कोणी उरलं नाही, हेही खरंच.

सड्यावरचा:
मग छताजवळून स्वतःचं शरीर पाहणाऱ्यांचं काय?

खाडीकाठी:
त्यासाठीच सॅम पार्निया या डॉक्टरांनी १५ हॉस्पिटलांत उंच फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ साली निकाल आला. २०६० वेळा हृदय बंद पडलं, चित्र एकानेही पाहिलं नाही.

सड्यावरचा:
पुढचंही सांगा ना! ७८ टक्के घटना फळी नसलेल्या खोल्यांत घडल्या. जाळं टाकलंच नाही तिथे मासा नाही म्हणून बोंब कसली मारता?

खाडीकाठी:
मान्य. त्यातून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. पण मी एक जाळं टाकून आलोय. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद पाहिली. वरच्या वाडीतले ते गृहस्थ मामांच्या अपघाताच्या अकरा दिवस *आधी* वारले होते. मामा त्यांच्या मयतीला गेले होते!

सड्यावरचा:
मग आधीच नेलेल्या माणसाला यमदूत पुन्हा कशाला शोधतील? तुमच्या मेंदूने तरी हिशेब नीट करावा.

रातपाळी:
स्वप्नात हिशेब जुळतो का कधी? मेलेली माणसं येऊन चहा पितात.

गाबीत_पोर:
सगळे डॉक्टर झाले हत. मामांक कोणी इचारल्यान काय?

खाडीकाठी:
काल फोन केला. तारीख सांगितली. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तेणां 'दुसरो' इतक्याच म्हटल्यान. नाव खंय सांगल्यान? नाव तुम्ही घातलात."